दोन साडू, एकच आकडा

मास्तरांच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकलेल्या माणसाला गाडी कशीही येवो, शहरातल्या झाडून सगळ्या मुताऱ्या मात्र पाठ होत. मास्तरांनी हे कुणाला मुद्दाम शिकवलं नव्हतं. गेल्या वर्ष-दीड वर्षात शिकवणीचा रस्ताच हळूहळू तसा वळत गेला होता. स्टेशनच्या मागे रिव्हर्स, वाचनालयापाशी पार्किंग, बाजाराच्या टोकाला चढावर गाडी धरून ठेवणं. प्रत्येक ठिकाणी मास्तर म्हणायचे, "इंजिन बंद करा, आरसे नीट लावून बघा, मी आलोच," आणि दार उघडून दिसेनासे व्हायचे.

मास्तर साठीच्या उंबरठ्यावरचे. डोक्यावर औषधालाही केस नाही, आवाज भारदस्त, आणि स्वभाव असा थंड की समोरून ट्रक आला तरी "हं, आता ब्रेकवर पाय, अलगद" इतकंच म्हणणार. त्यांच्या बाजूलाही एक क्लच आणि एक ब्रेक होता, त्यामुळे आयुष्यभर त्यांची अशी समजूत होती की काहीही झालं तरी शेवटचा ब्रेक आपल्या पायाखाली आहे. आता मात्र त्यांच्या स्वतःच्याच शरीराचा ब्रेक लागेनासा झाला होता. लागली की लागलीच. आणि गेलं तर धार धड नाही, थांबून थांबून, पुन्हा अर्ध्या तासात तीच घाई. रात्री उठून उठून झोपेचं खोबरं झालं होतं. बायकोला त्यांनी सांगितलं होतं की हल्ली पाणी जास्त पितो.

त्या वेळी त्यांच्याकडे एका शाळेतल्या गाण्याच्या बाई शिकायला येत. पन्नाशीच्या, कानाला तेज.

"मास्तर, एक विचारू का?" बाई एकदा म्हणाल्या. "आरसे लावायला मला एक मिनिट लागतं. तुम्हाला यायला दहा. बरं आहे ना सगळं?"

"एक ओळखीचे असतात तिथे," मास्तर म्हणाले.

"सगळीकडेच?"

मास्तरांनी खिडकीची काच उगाच खाली-वर केली.

आणि मग ज्या दिवसाची भीती होती तो दिवस आला. वाचनालयापाशी पोचले तर मुतारीच्या दाराला फळी ठोकलेली, आत कामगार फरशा उखडताहेत. मास्तर उतरले तसेच परत येऊन बसले.

"चला, पुढे डावीकडे. जरा लवकर."

"तुम्हीच सांगितलंय, घाई करायची नाही," बाई म्हणाल्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये, इशारा देऊन, आरसा बघून, अगदी शिकवल्याबरहुकूम वळल्या. मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या शिकवणीला मनातल्या मनात शिव्या घातल्या. पुढच्याच चौकात त्यांच्या साडूंचं दुकान होतं. "इथे, इथे थांबवा," असं म्हणत गाडी पुरती थांबायच्या आत मास्तर उतरले.

साडूंचं दुकान म्हणजे फरशा, नळ, बेसिनं आणि कमोडचं शोरूम. मास्तर काचेचं दार ढकलून आत शिरले तर पांढरे, क्रीम, निळसर, भिंतीला टांगलेले, जमिनीवर बसवलेले, ओळीनं कमोडच कमोड. आणि त्यांतल्या एकालाही पाण्याची नळी जोडलेली नाही. समुद्रात बसून तहानेनं मरावं तशी गत.

"साडूभाऊ," मास्तर एका पायावर उभे राहून म्हणाले, "यातला चालू कुठला?"

"चालू? अहो, हे सगळे दाखवायचे!"

"मग तुम्ही कुठे जाता?"

खरा संडास गोदामाच्या मागे होता, आणि गोदामाच्या वाटेत टाइल्सच्या पेट्या होत्या. मास्तर त्या पेट्यांवरून कसे गेले ते त्यांचं त्यांनाही आठवत नाही. थोडक्यात वाचले एवढंच. बाहेर आले तेव्हा साडू हाताची घडी घालून वाट बघत उभे होते, आणि चेहऱ्यावर असं समाधान, जणू एखादं अवघड बिल पास झालंय.

साडू मास्तरांहून वर्षा-दोन वर्षांनी मोठे, पण बघणारा उलट म्हणेल. दाट काळे केस, मागे वळवलेले. इस्त्रीचा शर्ट. त्यांची बायको ही मास्तरांच्या बायकोची धाकटी बहीण, त्यामुळे नात्यानं मान मास्तरांचा. पण दुनियेतल्या कुठल्याही विषयात शेवटचा शब्द साडूंचाच असायचा.

"कधीपासून आहे हे?" साडूंनी विचारलं.

"काय?"

"हे पेट्यांवरून उड्या मारणं."

साडूंनी टेबलाचा खण उघडून एक बाटली काढली. बाटलीवर एक माणूस डोंगरावर पळत होता. साडू म्हणाले, "पुरुषांसाठी खास आहे. कुठल्याशा ताडासारख्या झाडाच्या फळाचा अर्क, भोपळ्याच्या बिया, वर आणखी काय काय. दीड वर्ष घेतोय. आणि नुसतं घेत नाही, तपासूनही घेतलं. पीएसए. रक्ताची चाचणी असते, प्रोस्टेटची. लॅबवाला घरी येऊन रक्त घेऊन जातो. चारच्या आत आला की साफ. माझा आकडा किती असेल?"

"किती?"

"तीन! या वयात तीन! ही या कॅप्सूलची कमाल. तुम्ही घ्या आणि ती चाचणी कराच. एकदा आकडा कळला की माणूस निश्चिंत होतो."

गाडीत परत येऊन बसल्यावर बाईंनी काही विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "आरसे लावून झालेत."

मास्तरांनी चाचणी केली. आकडा आला सातच्या जवळ.

निश्चिंत होण्याऐवजी त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. रिपोर्टवर तो आकडा ठळक अक्षरात होता आणि शेजारी एक बाण वर तोंड करून उभा. मास्तर रहदारीची चिन्हं शिकवून म्हातारे झाले होते. बाण कुठे जायचं ते सांगतो हे त्यांना माहीत होतं. हा बाण कुठे जायला सांगतोय ते मात्र कळेना.

मास्तरीणबाई घरी शिवणकाम करत. त्या मशीनवर होत्या, तोंडात टाचण्या. मास्तरांनी रिपोर्ट पुढे धरला. त्यांनी टाचण्या काढून वाचला, उलटा करून मागची बाजूही बघितली.

"म्हणजे पाणी जास्त पिता म्हणून नव्हे ते," त्या म्हणाल्या.

"नव्हे."

"उद्याच डॉक्टरांकडे जायचं. आणि मी येणार बरोबर."

मास्तर येऊ देईनात, एकटेच गेले. डॉक्टर बाई आहेत हे त्यांना दवाखान्याच्या पाटीवरून कळलं आणि ते तिथूनच मागे फिरणार होते. पण दाराशी बसलेल्या बाईनं त्यांचं नाव आधीच पुकारलं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट विचारलं. धार कशी, रात्री किती वेळा, जळजळ होते का. मास्तरांनी उत्तरं टेबलावरच्या पेपरवेटकडे बघून दिली. मग म्हणाल्या, "कुशीवर झोपा, गुडघे पोटाशी घ्या. बोटानं तपासावं लागेल. थोडं विचित्र वाटेल, दुखणार नाही." आणि तपासताना म्हणाल्या, "अंग सैल सोडा." हेच शब्द मास्तर रोज दहा जणांना सांगत आणि ते का जमत नाही याचं त्यांना नवल वाटे. त्या दिवसापासून ते वाटेनासं झालं.

"प्रोस्टेट वाढलेलं आहे," हात धुऊन त्या म्हणाल्या. "या वयात बहुतेकांचं वाढतं. मूत्रमार्ग त्याच्या मधून जातो, म्हणून तो दाबला जातो."

"वाढलंय म्हणजे कॅन्सर?"

"नाही. वाढणं वेगळं आणि कॅन्सर वेगळा. वाढलेलं असून कॅन्सर नसतो, आणि न वाढलेल्यातही असू शकतो."

"मग हा सात?"

"नुसतं वाढल्यानंही सात येऊ शकतो. जंतुसंसर्गानं येऊ शकतो. आणि कॅन्सरनंही येऊ शकतो."

मास्तरांनी जरा विचार केला. "चार असता तर?"

"तरी शंभर टक्के खात्री नसती."

"मग बाई, आकडा कळून कळलं काय?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "पुढे काय बघायचं ते कळलं. लघवी तपासू. संसर्ग असेल तर औषध देते. शिवाय धार सुटायला एक गोळी. दीड-दोन महिन्यांनी आकडा पुन्हा बघू."

"पण मला आहे की नाही?"

"आज मला माहीत नाही," त्या शांतपणे म्हणाल्या.

डॉक्टरनं 'माहीत नाही' म्हणावं हे मास्तरांना सगळ्यांत जड गेलं. साडूंना सगळं माहीत असतं.

संसर्ग निघाला. औषध सुरू झालं. आणि ते दोन महिने मास्तरांच्या डोक्याचा पार भुगा झाला, कारण बातमी फुटली होती. मास्तरीणबाईंनी फक्त धाकटीला सांगितलं, धाकटीनं फक्त नवऱ्याला, आणि साडूंनी दुकानात येईल त्याला. शेजारचे निवृत्त बँकवाले कुंपणावरून म्हणाले, "चाचणी करायलाच नको होती. हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. आता सुया टोचतील, मग कापतील, आणि नसतं दुखणं मागे लागेल." दाढी करणारा म्हणाला, शिजवलेला टोमॅटो. त्याच्याच दुकानात बसलेला एक जण म्हणाला, शिजवलेला नाही, कच्चा. बँकवाल्यांच्या सौभाग्यवती म्हणाल्या, त्यांच्या भावानं चाचणी केली नाही आणि कळलं तेव्हा फार उशीर झाला होता; बँकवाले तेवढ्यापुरते कुंपणावरून नाहीसे झाले. परगावचा मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, नेटवर काही वाचत बसू नका," आणि फोन ठेवून त्यानंच वाचायला चार लेख पाठवले. एकात लिहिलं होतं, सगळ्यांनी तपासा. दुसऱ्यात, सगळ्यांनी तपासू नका, डॉक्टरांशी बोलून ठरवा. ऐकावे जनाचे, करावे मनाचे म्हणतात. पण मनच काही बोलायला तयार नव्हतं. मास्तरांनी डॉक्टरीणबाईंच्या गोळ्याही घेतल्या, साडूंच्या कॅप्सूलही घेतल्या, भोपळ्याच्या बियाही चघळल्या आणि टोमॅटो एक दिवस शिजवून, एक दिवस कच्चा असा खाल्ला.

एकदा भर चौकात त्यांनी गाण्याच्या बाईंना "डावीकडे घ्या" म्हटलं आणि हात उजवीकडे केला. बाईंनी गाडी चौकाच्या मधोमध उभी केली. चारी बाजूंनी भोंगे वाजू लागले.

"मास्तर, तोंड एक म्हणतंय, हात एक. मी कुणाचं ऐकू?"

"बाई, मलाही हल्ली तेच कळत नाही," मास्तर म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते त्यांना अजिबात अपेक्षित नव्हतं. बाईंनी मग सरळ गाडी घातली, पुढे कडेला घेतली आणि मागच्या सीटवरच्या पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली. मास्तरांनी आधी तिच्याकडे संशयानं बघितलं, मग प्यायले.

दुसऱ्या तपासणीत आकडा तीन आला.

मास्तर खुर्चीतून अर्धे उठले. "तीन! माझ्या साडूंचाही तीनच आहे!"

"छान. संसर्गामुळेच चढला होता असं दिसतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वर्षानं पुन्हा बघू. त्रास कसा आहे?"

"निम्म्यावर आलाय. पण कशानं ते सांगता येत नाही." त्यांनी पिशवीतून बाटली काढली.

बाईंनी तिच्यावरचं बारीक अक्षर चष्मा वर करून वाचलं. "यानं खास फरक पडतो असं मोठ्या अभ्यासांत दिसलेलं नाही. घेऊन बरं वाटतं असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. तुम्हाला माझ्या गोळीनं बरं वाटलं की यानं, ते एक बंद केल्याशिवाय कसं कळणार? आणखी काही घेता का? आकडा मोजायचा तर सगळं माहीत हवं. झोपेची गोळी, रक्तदाब, केस गळतीची गोळी..."

मास्तरांनी स्वतःच्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला. "बाई, थट्टा करता?"

"सगळ्यांनाच विचारते," त्याही हसल्या. "केसांसाठी एक गोळी असते. ती प्रोस्टेटवरही काम करते. काही महिने घेतली की पीएसए जवळजवळ निम्मा दिसतो. म्हणजे कागदावर तीन आला तर आम्ही तो सहा धरतो. लोक सांगत नाहीत, आणि सगळे फसतात."

मास्तर हसत होते ते हसू तोंडावर तसंच राहिलं.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. साडूंच्या टाळूवरचं विरळ रान अचानक पुन्हा दाट व्हायला लागलं तेव्हा मास्तर घरी म्हणाले होते, "हे काय आक्रीत?" आणि मास्तरीणबाईंनी आवाज खाली आणून सांगितलं होतं की ते रोज एक गोळी घेतात, धाकटीनं शपथ घालून सांगितलंय, कुणाजवळ बोलायचं नाही. मास्तर पोट धरून हसले होते आणि विसरून गेले होते.

आता त्यांनी मनात हिशेब मांडला. माझा तीन. त्यांचा तीन. पण माझा तीन तीनच, आणि त्यांचा तीन सहा. आणि साडूंनी रक्त लॅबवाल्याला घरी बोलावून दिलं होतं. मध्ये कुणी डॉक्टर नव्हताच, विचारणार कोण?

घरी येऊन त्यांनी ते मास्तरीणबाईंना सांगितलं. त्यांनी मशीन थांबवलं.

"अहो, पण मी सांगितलंय असं कळलं तर धाकटी जन्मात माझं तोंड बघणार नाही."

"आणि नाही सांगितलं आणि उद्या काही निघालं तर?"

"आणि सांगितलं आणि काहीच नाही निघालं तर? उगाच घरात आग लावल्यासारखं."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शेवटी मास्तरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही जा. माझं नाव घेऊ नका. तुमचं तुम्हाला दिसलं म्हणून सांगा."

मास्तर दुकानात गेले. साडू एका गिऱ्हाईकाला नळ उघडून-बंद करून दाखवत होते. गिऱ्हाईक गेल्यावर मास्तर एका क्रीम रंगाच्या कमोडच्या कडेला टेकले.

"माझा तीन आला," ते म्हणाले.

"बघा! मी काय सांगत होतो? कॅप्सूल!"

"साडूभाऊ, एक विचारतो, रागावू नका. तुम्ही केसांसाठी काही गोळी घेता का?"

साडूंचा चेहरा भट्टीतून काढलेल्या टाइलसारखा झाला. "कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. डोळ्यांना दिसतंय."

"हे केस मूळचे आहेत! आमच्या घराण्यात असेच असतात!"

साडूंच्या वडिलांना मास्तरांनी पाहिलं होतं, आणि त्यांच्या डोक्यात अन् मास्तरांच्या डोक्यात काडीचा फरक नव्हता. पण ते बोलले नाहीत. त्यांनी डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं, जमेल तसं. सांगता सांगता त्यांचं त्यांनाच गुंतायला झालं. तीनचे सहा की सहाचे तीन, हे त्यांनी एकदा उलटंही सांगितलं. साडूंनी तेवढंच पकडलं.

"तुम्हालाच नीट कळलेलं नाही आणि मला सांगायला आलात. माझा आकडा चांगला आहे हे बघवत नाही, दुसरं काय!"

मास्तर मूग गिळून परत आले. धाकटीचा फोन आला, बहिणी-बहिणींत काही तरी वाजलं, आणि दोन्ही घरांचं येणंजाणं बंद पडलं. मास्तरीणबाई नवऱ्याशी दोन दिवस हूं की चूं करीनात. मास्तरांना वाटे, आपण चुकलो. थोड्या वेळानं वाटे, चुकलो कसे? मग वाटे, पण काहीच नसलं तर? आणि साडूंच्या आकड्यात काही निघावं म्हणजे आपण खरे ठरू, असं आपल्याला वाटतंय की काय, अशी एक घाणेरडी शंका मध्येच डोकावे, आणि मग त्यांना जेवण जाईना.

पंधरवड्यानं एका सकाळी मास्तर मैदानावर गाडी पुसत होते. शिकाऊ मंडळी यायची होती. तेवढ्यात साडू आले. शर्टाला इस्त्री नव्हती. काही न बोलता त्यांनी चालकाच्या बाजूचं दार उघडलं आणि आत बसले. मास्तर शेजारी, आपल्या नेहमीच्या जागी बसले. साडूंनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं. गाडी बंदच होती.

"तीन वर्षं घेतोय," साडू समोर बघत म्हणाले.

"हं."

"चाचणीच्या आधीपासून."

"हं."

"लॅबवाल्यानं विचारलं नाही हो. विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं म्हणा." मग थांबून म्हणाले, "तुम्ही म्हणता ते मी नेटवर वाचलं. एके ठिकाणी तसंच लिहिलंय. एके ठिकाणी काही वेगळंच. मला काही समजत नाही, मास्तर."

साडूंच्या तोंडून हे वाक्य मास्तरांनी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. ते म्हणाले, "स्टिअरिंग जरा सैल धरा."

साडूंनी खरंच सैल धरलं.

"तुम्ही याल का बरोबर? त्या बाईंकडे?"

"येतो की."

डॉक्टरीणबाईंनी साडूंना तपासलं, रक्त पुन्हा घेतलं, गोळीचं ऐकून मान हलवली, आणि आकडा दुप्पट धरून स्कॅन काढायला सांगितलं. स्कॅनमध्ये एका कडेला एक डाग दिसला. मग सुईनं तुकडे काढून तपासायला पाठवले. त्या सगळ्या दिवसांत साडूंच्या दुकानाचं शटर अर्ध्यावरच असे. मास्तर आपली एकेक शिकवणी पुढे ढकलून त्यांच्याबरोबर जात, बाकावर बसत, आणि साडू आत गेले की स्वतःच्याच पायांकडे बघत. गाण्याच्या बाईंनी तक्रार केली नाही. "तुम्ही या जाऊन," एवढंच म्हणत.

रिपोर्टच्या दिवशी दोघं साडू शेजारी-शेजारी बसले.

"कॅन्सर आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

साडूंनी मास्तरांचं मनगट धरलं. शेंदूर फासल्यासारखा नेहमी लाल दिसणारा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"पण ऐका. अगदी छोटा आहे आणि मंद जातीचा आहे. अशांपैकी पुष्कळ कॅन्सर वर्षानुवर्षं जागचे हलत नाहीत. आत्ता ऑपरेशन किंवा किरणं दिली तर त्यांचा त्रासच जास्त व्हायचा. म्हणून आपण लक्ष ठेवू. ठरावीक महिन्यांनी रक्त, मधून मधून स्कॅन, लागलं तर पुन्हा तुकडा. वाढतोय असं दिसलं तर लगेच उपचार करू."

"म्हणजे आता काय करायचं?" साडूंनी विचारलं.

"आता घरी जायचं."

"कॅन्सर आहे आणि घरी जायचं?"

"हो."

"औषध?"

"आत्ता काही नाही."

"ती कॅप्सूल?"

"तिच्यानं हा जाणार नाही. आणि केसांची गोळी घ्यायची असेल तर घ्या, पण प्रत्येक वेळी सांगा."

मास्तरांनी मध्येच विचारलं, "बाई, मी ते त्यांना सांगितलं, ते बरं झालं की वाईट? म्हणजे कळलं नसतं तर कदाचित यांना काहीच झालं नसतं, असंही असेल?"

"असेल. आणि नसेलही. आता कळलंय, तर आपण बघत राहू शकतो. माझ्या मते बरं झालं."

"माझ्या मते" हे शब्द मास्तरांच्या मनात बाहेर येईपर्यंत घोळत राहिले. दोघं फूटपाथवर उभे राहिले. रस्त्यावर माणसं आपापल्या कामाला चालली होती. साडू म्हणाले, "मला आनंद होतोय की भीती वाटतेय, तेच समजत नाही." मास्तर म्हणाले, "मलाही." मग साडू म्हणाले, "तुम्हाला कसली भीती? तुमचा तीन तीनच आहे." मास्तर म्हणाले, "बाई म्हणाल्या, तरी शंभर टक्के खात्री नसते." दोघंही हसले, पण ते हसू फार टिकलं नाही.

"धाकटीला कसं सांगायचं?" साडूंनी विचारलं. "आधी कॅन्सर म्हणू की आधी काळजीचं कारण नाही म्हणू?"

वाटेत त्यांनी दोन्ही तऱ्हांनी बोलून बघितलं. आधी काळजी नको म्हटलं तर पुढचं ऐकून ती घाबरणार, आणि आधी कॅन्सर म्हटलं तर पुढचं ऐकणारच नाही. ठरलं काहीच नाही. साडूंच्या घरी पोचले तर मास्तरीणबाई आधीच तिथे येऊन बहिणीजवळ बसलेल्या. त्यांचं भांडण कधी मिटलं ते कुणी सांगितलं नाही आणि मास्तरांनी विचारलं नाही.

साडूंनी उभ्या उभ्या सगळं एका दमात सांगून टाकलं. मंद, छोटा, कॅन्सर, घरी जा, लक्ष ठेवू, सगळं एकात एक मिसळून. धाकटी ऐकत राहिली. मग तिनं मास्तरांकडे बघितलं.

"भाऊजी, नीट सांगा. मी आता रडू की नको?"

मास्तरांनी साडूंकडे बघितलं. साडू जमिनीकडे बघत होते.

"हे विचारायचं राहिलं," मास्तर शेवटी म्हणाले.

धाकटीला हसू आलं, आणि हसता हसताच ती रडायला लागली. मास्तरीणबाईंनी तिला जवळ घेतलं. साडू खुर्चीच्या दांड्यावर टेकले, बायकोच्या पाठीवर हात ठेवावा की नाही अशा बेतानं हात पुढे नेला आणि ठेवला. बऱ्याच वेळानं ती थांबली, नाक पुसलं.

"पुढची तपासणी कधी?"

साडूंनी महिना सांगितला.

"मी येणार," ती म्हणाली. "तुम्हाला दोघांना धड विचारता येत नाही. मी विचारीन."

"काय विचारशील?" साडूंनी विचारलं.

"ते तोवर सुचेल," असं म्हणून ती चहा टाकायला उठली, आणि मास्तर तिच्यामागे साखर कुठे आहे ते विचारायला गेले.